३३३ नंबरची बिल्डिंग: बेरिलियम कुठे कुठे गेलं होतं

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठाला हॅनफर्ड म्हणून जागा आहे, दुसऱ्या महायुद्धात प्लुटोनियम बनवायला उभी केलेली, नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम इथलंच. या जागेच्या दक्षिण टोकाला, रिचलंड गावाला जवळजवळ चिकटून, ३०० एरिया होता, तिथे रिअ‍ॅक्टरला लागणारं फ्युएल तयार व्हायचं. त्यातली ३३३ नंबरची बिल्डिंग १९६० च्या सुमारास हॅनफर्डच्याच एन रिअ‍ॅक्टरच्या फ्युएलसाठी खास बांधली. एन रिअ‍ॅक्टर १९८७ मध्ये बंद झाला, फ्युएलचं काम थांबलं, आणि मागे राहिली एक मोठी रिकामी बिल्डिंग. त्यानंतरही इलेक्ट्रिशियन, पाइपफिटर, साफसफाईवाले आणि शेवटी पाडकामवाले तिच्यात जातच राहिले. युरेनियम आहे म्हणून रेडिएशनचे मीटर सगळ्यांकडे होते, पण बेरिलियम, म्हणजे भुकटी श्वासात गेली की फुफ्फुसाला घातक असलेला हलका धातू, काही मीटरवर टिकटिक करत नाही, त्याला वास नाही, आणि धुळीत मिसळलं की ते वेगळं दिसतही नाही. म्हणून हे प्रकरण घेतलंय, कारण बंद पडलेल्या फ्युएल फॅक्टरीत बेरिलियम कसं शोधायचं याचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका बिल्डिंगमध्ये सापडतात.

मुळात तिथे बेरिलियम आलंच कशाला, हे आधी नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं सॅम्पलिंग अंधारात दगड मारणं होतं. एन रिअ‍ॅक्टरचं फ्युएल म्हणजे युरेनियम धातूच्या नळ्या, एकात एक बसणाऱ्या, आतून-बाहेरून झिरकलॉय-२ चं, म्हणजे झिरकोनियमच्या मिश्रधातूचं, आवरण असलेल्या. मोठा गोळा प्रेसमधून ओढून लांब नळी काढायची आणि मग ती ठरलेल्या लांबीला कापायची. आता कापलं की टोकाला युरेनियम उघडं पडतं, आणि उघडं युरेनियम रिअ‍ॅक्टरच्या गरम पाण्यात चालत नाही. म्हणून टोकाचं युरेनियम अ‍ॅसिडने थोडं आत खायचं, त्या खाचेत झिरकलॉयची टोपी आणि ब्रेझची, म्हणजे वितळून सांधा जोडणाऱ्या धातूची, रिंग बसवायची, तापवून रिंग वितळवायची, मग टोक मशीनवर साफ करून वरून वेल्ड मारायचा. ती रिंग म्हणजे ९५ टक्के झिरकलॉय आणि ५ टक्के बेरिलियम. कारण साधं आहे, युरेनियम ११३२ अंशाला वितळतं, झिरकोनियमला साडेअठराशेच्या आसपास लागतात, आणि झिरकोनियममध्ये एवढं बेरिलियम घातलं की मिश्रण हजारच्या अलीकडेच वितळतं, म्हणजे आतल्या युरेनियमला धक्का न लावता सांधा भरता येतो. शिवाय बेरिलियम न्यूट्रॉन फारसे खात नाही. इंजिनिअरिंग म्हणून हुशारीचं काम आहे हे, यात वाद नाही.

(आपल्याकडची एक गोष्ट इथेच सांगतो. कॅनडात कँडू रिअ‍ॅक्टरच्या फ्युएल पिनांवर जे छोटे पॅड बसवतात ते बेरिलियमच्या ब्रेझने बसवतात, आपल्या हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्सने मात्र ते रेझिस्टन्स वेल्डिंगने बसवायची पद्धत घेतली, म्हणजे त्या स्टेपवर बेरिलियमचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते हा जगातला सगळ्यात चांगला बंदोबस्त आहे, वस्तूच आत आणायची नाही. बेरिलियम स्वतः बनवायचं काम आपल्याकडे नवी मुंबईत, तुर्भे-वाशी भागात भाभा अणुसंशोधन केंद्राने केलंय, पण तिथे पहिल्या दिवसापासून माहीत होतं की आपण बेरिलियमशीच खेळतोय.)

३३३ मध्ये तसं नव्हतं. तिथे मुख्य माल युरेनियम, बेरिलियम म्हणजे एका रिंगेतला ५ टक्के हिस्सा, आणि जे कमी असतं ते डोळ्याआड जातं. आता या ५ टक्क्यांचा प्रवास बघा. ब्रेझ झालेलं टोक मशीनवर घासलं की कीस आणि बारीक भुकटी निघते, तो झाला पहिला रस्ता, सुका. टोकं अ‍ॅसिडमध्ये बुडवली की थोडं बेरिलियम अ‍ॅसिडात उतरतं, तो दुसरा, ओला. मशीनवरची हवा डक्टमधून ओढली जाते, तो तिसरा. सुका कीस आणखी त्रासदायक, कारण झिरकोनियमची बारीक भुकटी हवेत आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून हा बेरिलियम-झिरकलॉयचा कीस शेजारच्या ३०४ नंबरच्या बिल्डिंगमध्ये नेऊन सिमेंट काँक्रीटमध्ये कोंबला जायचा. वापरलेलं अ‍ॅसिड पाइपातून ३१३ नंबरच्या बिल्डिंगकडे जायचं, तिथे ते ट्रीट व्हायचं. म्हणजे ज्या बिल्डिंगमध्ये कुणी कधी ब्रेझची रिंग हातात धरली नाही तिथेही बेरिलियम पोचलं, काँक्रीट मिक्सरपाशी, ड्रेनच्या खड्ड्यात, टाकीच्या तळाच्या गाळात. बिल्डिंगच्या दारावर लिहिलेलं नाव बघून यादी केली की ३०४ आणि ३१३ सुटतात. असेसमेंटचं पहिलं काम म्हणूनच सॅम्पल घेणं नाही, पहिलं काम जुने प्रोसेस ड्रॉइंग, कचऱ्याच्या नोंदी आणि रिटायर्ड मशीनवाले यांच्याबरोबर बसणं. ड्रॉइंगवर मशीन कुठे बसवायचं ठरलं होतं ते असतं, मशीन नंतर कुठे सरकवलं आणि कीस कुठल्या दारातून ढकलत नेला ते फक्त त्या माणसाला माहीत असतं.

एवढा आटापिटा कशासाठी, ते थोडक्यात. बेरिलियमची भुकटी फुफ्फुसात गेली की काही लोकांच्या शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसते, त्याला सेन्सिटायझेशन म्हणतात, आणि त्यातल्या काहींना पुढे क्रॉनिक बेरिलियम डिसीझ होतो, फुफ्फुसात गाठी, दम लागणं, बरा न होणारा आजार. तो संपर्कानंतर वर्षांनी, कधी दशकांनी वर येतो. १९४६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या ट्यूबलाइट फॅक्टरीतल्या कामगारांवर हॅरिएट हार्डी आणि तबरशॉ या डॉक्टरांनी लिहिलं तेव्हा हा आजार जगापुढे आला, ट्यूबच्या आतल्या पावडरीत तेव्हा बेरिलियम असायचं. १९९३ मध्ये सापडलं की एचएलए-डीपीबी१ या जीनचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना धोका जास्त असतो. म्हणून एकाच खोलीत वीस वर्षं काम केलेले दोघं, एकाला काही नाही आणि दुसरा ऑक्सिजनवर, असं होतं. अमेरिकेच्या अण्वस्त्र कारखान्यांत मशीनवर कधीच उभे न राहिलेले लोकही सेन्सिटाइज झालेले सापडले, ऑफिसात बसणारेसुद्धा. त्यामुळे "आमचा विभाग प्रॉडक्शनचा नव्हताच" या वाक्यावर मी कधीही फाइल बंद करणार नाही.

मर्यादेचे आकडे कसे ठरले तेही माहीत हवं. हवेतली जुनी मर्यादा, एका घनमीटरला २ मायक्रोग्रॅम, १९४८-४९ च्या सुमाराला अ‍ॅटॉमिक एनर्जी कमिशनच्या काळात ठरली. ती ठरवणारे मेरिल आयझेनबड आणि विलर्ड मॅकली टॅक्सीतून जाताना त्यावर बोलले, म्हणून तिला टॅक्सी स्टँडर्ड म्हणतात, आणि हे खुद्द आयझेनबड यांनीच सांगितलंय. जड धातूंच्या मर्यादेवरून अंदाज बांधलेला तो आकडा अमेरिकेत कामगारांसाठी २०१७ पर्यंत कायद्यात टिकला, मग ओशाने, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेने, तो ०.२ वर आणला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हॅनफर्डसारख्या आपल्या जागांसाठी डिसेंबर १९९९ मध्ये वेगळा नियम काढला, १० सीएफआर ८५०, त्यात हवेसाठी ०.२ ची अ‍ॅक्शन लेव्हल, म्हणजे जिथून बंदोबस्त सुरू करायचा तो आकडा, आणि पृष्ठभागासाठी दोन आकडे: जिथे बेरिलियमचं काम चालतं तिथे काम बंद असताना १०० चौरस सेंटिमीटरला ३ मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल, आणि वस्तू किंवा जागा बेरिलियमच्या कामाबाहेर मोकळी सोडायची तर ०.२ पर्यंत. हे पृष्ठभागाचे आकडे कुणाच्या फुफ्फुसावरून काढलेले नाहीत, साफसफाई नीट आहे की नाही हे बघायचे आहेत. टेबलावर ०.२ असलं तर हवेत किती, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. टेबल कुणी झटकलं, पंखा लावला, वर ग्राइंडर चालवला, यावर ते अवलंबून.

आणि बंद बिल्डिंगमध्ये एअर सॅम्पलिंग करून "हवा स्वच्छ आहे" असं लिहिणं म्हणजे झोपलेल्या माणसाची नाडी बघून तो धावू शकतो असं सर्टिफिकेट देणं. धूळ बसलीय, कुणी हलवलीच नाही, हवेत येणार कुठून.

आता वाइप, म्हणजे पृष्ठभाग पुसून घेतलेलं सॅम्पल. ओला कपडा, १०० चौरस सेंटिमीटरची टेम्प्लेट, आडवा फिरवायचा, घडी घालून उभा, पुन्हा घडी, ट्यूबमध्ये. मी स्वतः वाइप सॅम्पलिंग लेडसाठी केलंय, बेरिलियमसाठी नाही, पण हात तोच असतो. एका जुन्या शेडमध्ये आम्ही दिवसभर टेबलं, मशीनच्या कडा, फरशी असे वाइप घेतले, सगळं ठीक आलं, आणि महिन्याभराने कुणीतरी क्रेनच्या रुळावर चढलं तेव्हा वर बोटभर धूळ होती जी आम्ही मोजलीच नव्हती, कारण त्या दिवशी शिडी मिळाली नाही म्हणून आम्ही खालीच थांबलो. चूक आमची होती. तेव्हापासून कुठलाही सॅम्पलिंग प्लॅन हातात आला की मी आधी बघतो की किती सॅम्पल डोक्याच्या वरचे आहेत. ३३३ सारख्या बिल्डिंगमध्ये खालची फरशी पंचवीस वर्षांत हजारदा पुसली गेली असणार, वरचे बीम, केबल ट्रे, डक्टचा आतला तळ, लाइटच्या शेडची पाठ, यांना कुणी हात लावला नसणार. खाली काही न सापडणं म्हणजे झाडूवाल्याने काम नीट केलं एवढंच.

दुसरी अडचण रंगाची. अशा फॅक्टऱ्यांत भिंती पुन्हा पुन्हा रंगवतात, कधीकधी घाण दाबून ठेवायलाच रंगवतात. वाइप फक्त वरचा थर बघतो. खालच्या थरात बेरिलियम असेल तर ते पाडकामात बाहेर येणार, म्हणून रंग खरवडून त्याचे तुकडे वेगळे तपासायचे. तेलकट पृष्ठभागावर तर ओला वाइप धूळ उचलायच्या ऐवजी पसरवतो, तिथे पद्धतच बदलावी लागते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग, ०.२ मायक्रोग्रॅम म्हणजे नेमकं किती. ब्रेझमध्ये बेरिलियम ५ टक्के, म्हणजे ०.२ मायक्रोग्रॅम बेरिलियमला ४ मायक्रोग्रॅम ब्रेझ पुरतं. त्या मिश्रधातूची घनता पाण्याच्या साधारण सहापट धरली तर ४ मायक्रोग्रॅमचा एकच कण साधारण शंभर मायक्रॉनचा होतो, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा. केसाच्या जाडीचा एक कण, वाइपखाली आला तर सॅम्पल फेल, बोटभर बाजूला राहिला तर सॅम्पल पास. म्हणून मशीनच्या जागेवर शेजारी शेजारी घेतलेले दोन वाइप एक ०.०१ आणि एक ०.८ असे आले तर लॅबने चूक केली असं धरून चालू नका, कणाकणाने पडलेल्या मालाचं चित्र असंच दिसतं. आणि अशा जागी सरासरी काढणं हा गुन्हा आहे असं मी म्हणेन.

हेच दुसऱ्या बाजूने बघा. बेरिलियम निसर्गातही आहे, साध्या मातीत दशलक्ष भागांत दीड-दोन भाग सहज. हॅनफर्ड म्हणजे कोरडा, वाऱ्याचा, वाळवंटी मुलूख, धुळीची वादळं येतात, बिल्डिंगच्या फटींतून माती आत येते. दोन भाग धरले तर ०.२ मायक्रोग्रॅमला ०.१ ग्रॅम माती लागते. १०० चौरस सेंटिमीटरवर ०.१ ग्रॅम म्हणजे बोटाने नाव लिहिता येईल अशी धूळ, जुन्या बीमवर ती असतेच. म्हणजे जिथे कधी बेरिलियम गेलंच नाही अशा गोडाऊनचा बीमही ०.२ च्या वर जाऊ शकतो. वर ३०० एरियात कोळशावर चालणारं पॉवरहाऊस होतं, राखेचे खड्डे होते, आणि कोळशाच्या राखेत बेरिलियम मातीपेक्षा जास्त असू शकतं. मग आता वाइपवर ०.३ आलं, हे मशीनचं की वाऱ्याचं?

काही लोक म्हणतात फरक कशाला करायचा, आकडा वर गेला की घाण समजा आणि मोकळे व्हा. कामगाराच्या बाजूने ही भूमिका सुरक्षित वाटते आणि तात्पुरती घ्यायला माझी हरकत नाही. पण कायमची घेतली तर शंभर गोडाऊनं बेरिलियमच्या यादीत जातात, सगळीकडे तोच पिवळा बोर्ड लागतो, आणि मग खऱ्या मशीनच्या जागेचा बोर्डही लोक गंभीरपणे घेत नाहीत. आणि उलट बाजूचा धोका त्याहून वाईट, "ते नैसर्गिकच आहे हो" असं म्हणून खरा ब्रेझचा चुरा मातीच्या नावावर खपवणं. मॅनेजमेंटला ते वाक्य फार आवडतं. म्हणून पुरावा लागतो, आणि पुरावा त्याच वाइपमध्ये असतो: बेरिलियम एकटं मोजायचं नाही, सोबत्यांसकट मोजायचं.

मातीत अ‍ॅल्युमिनियम ७-८ टक्के असतं. ०.२ मायक्रोग्रॅम बेरिलियम मातीतून आलं असेल तर त्याबरोबर ७-८ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम यायला हवं, लोह आणि टायटॅनियमही त्या प्रमाणात. समजा वाइपवर बेरिलियम ०.३ आहे आणि अ‍ॅल्युमिनियम जेमतेम अर्धा मिलिग्रॅम, तर ती माती नाही, बोलणंच संपलं. उलट ब्रेझमधून आलं असेल तर झिरकोनियम बेरिलियमच्या १९ पट दिसेल, बहुतेक सोबत युरेनियमही. फक्त यात एक खाच आहे, लॅब सॅम्पल कुठल्या अ‍ॅसिडात विरघळवते ते विचारायलाच हवं. साध्या नायट्रिक अ‍ॅसिडात मातीतलं अ‍ॅल्युमिनियम अर्धवट उतरतं, झिरकॉनचे, म्हणजे मातीतल्या झिरकोनियमच्या खनिजाचे, दाणे जवळजवळ उतरतच नाहीत, आणि जास्त तापमानाला भाजलेलं बेरिलियम ऑक्साइड तर फारच चिवट, त्याला अमोनियम बायफ्लोराइडसारखं काहीतरी लागतं. म्हणून जवळच्याच पण बेरिलियमशी संबंध नसलेल्या बिल्डिंगमधून त्याच पद्धतीने धूळ घेऊन, त्याच लॅबमध्ये, त्याच अ‍ॅसिडात, तुलनेची सॅम्पल करायची. पुस्तकातलं मातीचं प्रमाण चालणार नाही.

लॅबची आणखी एक गोष्ट, आणि ती फ्युएलच्या बिल्डिंगमध्येच जास्त नडते. आयसीपी मशीन प्रकाशाच्या रेषा बघून धातू ओळखतं, आणि युरेनियमच्या रेषा हजारोंनी असतात, बेरिलियमच्या नेहमीच्या ३१३ नॅनोमीटरच्या रेषेच्या आसपासही गर्दी होते, व्हॅनेडियमही तिथेच लुडबुडतं. त्यामुळे युरेनियमने भरलेला वाइप बेरिलियम नसताना बेरिलियम दाखवू शकतो, किंवा करेक्शन चुकीचं लावलं तर असलेलं गिळूही शकतो. दोन वेगळ्या रेषांवर वाचा, शंका असली तर मास स्पेक्ट्रोमीटरवर टाका, नाहीतर चमक बघणारी फ्लुओरेसन्सची पद्धत वापरा जी याच कामासाठी बसवलीय. रिपोर्टवर नुसता एक आकडा आला तर तो परत पाठवा.

किती सॅम्पल घ्यायचे, हा प्रश्न शेवटी येतोच. ५९ हा आकडा या कामातल्या लोकांना तोंडपाठ असतो: एका सारख्या जागेतून रँडम ५९ घेतले आणि सगळे मर्यादेखाली आले तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की त्या जागेचा किमान ९५ टक्के भाग मर्यादेखाली आहे. गणित सोपं आहे, ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या खाली जातो. या सगळ्याची आखणी करायचं व्हिज्युअल सॅम्पल प्लॅन नावाचं सॉफ्टवेअर रिचलंडच्याच पॅसिफिक नॉर्थवेस्ट लॅबने केलंय, ३०० एरियाच्या अगदी शेजारी. पण नीट वाचा, "एका सारख्या जागेतून". ब्रेझचं मशीन, ऑफिस आणि डक्ट एकाच ५९ मध्ये कोंबले तर गणित बरोबर आणि निष्कर्ष खोटा. आणि उरलेले ५ टक्के कुठे, ते गणित सांगत नाही. ते नेमके डक्टच्या कोपरात असतात. म्हणून मी दोन्ही करीन, जिथे संशय तिथे मुद्दाम शोधून सॅम्पल, आणि बाकीच्या जागेवर रँडम, आणि दोन्हींचे आकडे वेगळ्या पानावर.

२०१० मध्ये ऊर्जा खात्याच्याच स्वतंत्र तपासणी टीमने हॅनफर्डचा बेरिलियम प्रोग्रॅम तपासला आणि त्यातल्या उणिवा लिहून काढल्या, नियम निघून दहा वर्षं झाल्यावर. त्या दहा वर्षांत तिथे बेरिलियमने बाधित झालेल्या कामगारांचा स्वतःचा गट उभा राहिला होता, आणि कुठली बिल्डिंग यादीत नाही पण असायला हवी हे सांगणारे तेच होते. मला यात नवल वाटत नाही. डक्ट उघडून बघणारा माणूस तोच असतो.

३३३ आज उभी नाही, पाडली. पाडताना पाणी मारून, आधी धूळ चिकटवणारा लेप देऊन, वरून कापत खाली येत हे काम करतात, कारण बीमवर पडून राहिलेली धूळ पाडण्याच्या त्याच तासात हवेत येते. पण बिल्डिंग गेली म्हणून माल गेला नाही. जवळच्या ६१८-७ नावाच्या खड्ड्यात जुन्या काळी पुरलेले झिरकलॉयच्या किसाचे ड्रम नंतर उकरून काढावे लागले, पेट घेतील म्हणून जपून, एकेक करत. आणि तिथे काम केलेली माणसं आजही बेरिलियमची रक्ततपासणी करून घेतात, रक्तातल्या पेशी बेरिलियमला कशा उत्तर देतात ते बघणारी. एकदा निगेटिव्ह आली म्हणून थांबत नाहीत, काही वर्षांनी पुन्हा करतात. २००० सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याप्रमाणे आजार सिद्ध झाला तर दीड लाख डॉलर, नुसतं सेन्सिटायझेशन असलं तर आयुष्यभर तपासणीचा खर्च. अर्जाबरोबर विचारतात, तुम्ही कुठल्या बिल्डिंगमध्ये, कुठल्या वर्षी होता. ३०४ मध्ये सिमेंट कालवणाऱ्याने तिथे बेरिलियम होतं हे दाखवायचं कशाच्या जोरावर, तर कुणीतरी कधीतरी तिथे नीट घेतलेल्या सॅम्पलच्या जोरावर.